जपानी कट्यार आणि तिचा कर्ता

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत धातूंचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें जुन्या दिनदर्शिकेंतून कापून आणलेलें एक रंगीत छायाचित्र माझ्या मेजावर ठेविलें. चित्रांत वीतभर लांबीचें एक उघडें पातें होतें. मूठ नाहीं, म्यान नाहीं, रत्नें नाहींत, सोन्याचें कामहि नाहीं. नुसतें पोलाद, पण त्या पोलादावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा लाटा उमटलेल्या, आणि धारेच्या कडेनें धुक्यासारखा एक पांढुरका पट्टा गेलेला. खालीं दोन ओळींत एवढेंच लिहिलें होतें कीं, ही जपानी कट्यार असून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गास्सान घराण्यांतील लोहारानें घडविली आहे. मुलानें विचारलें, “सर, आतां कट्यारीनें तर कोणी लढत नाहीं. मग एवढ्या कसबी माणसानें ती केली कशाला?”

वर्गांत कांहीं मुलें हंसलीं. मला मात्र तो प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाहीं. पण तेवढ्यांत घंटा झाली व उत्तर अपुरें राहिलें. तें आतां येथें पुरें करितों.

प्रथम ही वस्तु कोणती तें पाहूं. जपानांत पात्याची लांबी ‘शाकु’ या मापानें मोजतात. एक शाकु म्हणजे सुमारें ३०.३ सेंटिमीटर, आपल्या परिचयाच्या फुटाच्या अगदीं जवळ. दोन शाकूंहून लांब ती मोठी तरवार, एक ते दोन शाकूंची ती आखूड तरवार, आणि एक शाकूहून लहान तो ‘तांतो’. मीं त्याला कट्यार म्हटलें आहे तें केवळ सोईसाठीं. आपल्या मराठ्यांच्या कट्यारीला दोन आडव्या दांड्यांची मूठ असते व तिचें पातें दुधारी असतें. तांतोची मूठ सुरीसारखी सरळ, धार एकाच अंगास, आणि पाठ जाड असते.

आणि तिचा उपयोग? येथें गोड बोलून चालणार नाहीं. हातघाईच्या लढाईंत चिलखताच्या फटींतून शत्रूला भोसकण्यासाठीं योद्धे ती बाळगीत. सामुराई घराण्यांतील स्त्रिया आपल्या वस्त्रांत लहान कट्यार ठेवीत, ती स्वसंरक्षणासाठीं, आणि प्रसंगीं स्वतःचा जीव घेण्यासाठींहि. मानहानि झालेल्या पुरुषानें पोट चिरून मरण्याची जी चाल त्या देशांत होती, तिच्यासाठींहि असेंच आखूड पातें लागे. दुसरीकडे हीच वस्तु मंगलहि मानिली गेली. पांढऱ्या विवाहवेषांतील वधूच्या कमरपट्ट्यांत आजहि लहानशी कट्यार खोंवितात. राजघराण्यांत मूल जन्मलें म्हणजे सम्राटाकडून त्याला रक्षक म्हणून एक आखूड पातें पाठविण्यांत येतें. एकाच पात्याला पाळण्याशेजारीं व मरणाशेजारीं जागा मिळावी, हें वाचून मन चमकतें खरें.

आतां ती घडते कशी हें सांगतों, कारण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तेथेंच आहे.

आपल्या गांवचा लोहार विळा कसा करितो हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. भाता चालतो, लोखंड लाल होतें, ऐरणीवर घण पडतो, आणि शेवटीं सांडशींत धरलेला विळा पाण्यांत बुडवून लोहार त्याला ‘पाणी देतो.’ जपानी लोहाराची क्रिया मुळांत हीच. फरक आहे तो निवडीचा, चिकाटीचा आणि नजरेचा.

निवड कच्च्या मालापासून सुरू होते. जपानच्या पश्चिमेस शिमाने प्रांतांत ओकुइझुमो नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें काळी लोहयुक्त वाळू सांपडते. मातीची लांबट भट्टी बांधून तींत ही वाळू व लोणारी कोळसा आळीपाळीनें टाकीत तीन दिवस व तीन रात्री वारा घालीत राहतात. सुमारें दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन ही भट्टी अडीच टनांच्या आसपास वजनाचा एक ओबडधोबड लगदा देते. आणि तो काढण्यासाठीं भट्टीच फोडावी लागते. म्हणजे दर खेपेस भट्टी नवी! त्या लगद्यांतील एक टनाहूनहि कमी भाग उत्तम पात्याच्या लायकीचा निघतो. त्याला जपानी लोक ‘तामाहागाने’, म्हणजे रत्नपोलाद, असें म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या भट्ट्या विझल्या होत्या. १९७७ सालीं त्यांपैकीं एक पुन्हां पेटविण्यांत आली, आणि हिवाळ्यांत ती चालवून देशभरच्या लोहारांना पोलाद पुरविण्यांत येऊं लागलें.

हें पोलाद सरसकट सारखें नसतें. कोठें त्यांत कर्ब अधिक, कोठें कमी. लोहार तें तापवून ठोकून पातळ पत्रा करितो, पाण्यांत विझवितो, आणि हातोडीनें त्याचे तुकडे करितो. जो तुकडा खाडकन् तुटला त्यांत कर्ब पुरेसा. जो वांकला पण तुटला नाहीं त्यांत कमी. रसायनशाळा नाहीं, तराजू नाहीं. कान आणि डोळा एवढींच साधनें. निवडलेले तुकडे एकावर एक रचून, ओल्या कागदांत गुंडाळून, त्यांवर मातीचें पाणी व गवताची राख घालून भट्टींत ठेवितात. ते एकजीव झाले कीं ठोकून लांबवितात, मध्यें छिन्नीनें खाच पाडून घडी घालितात, पुन्हां ठोकितात. अशा घड्या दहा-पंधरा वेळां होतात. एका घडीनें दोन थर, दुसरीनें चार, तिसरीनें आठ. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनीं पंधराव्या घडीपर्यंत हिशेब करून पाहावा: थरांची संख्या ३२,७६८ येते. घडीगणिक मळ ठिणग्यांबरोबर बाहेर फेंकला जातो, कर्ब सर्वत्र सारखा पसरतो व थोडा जळूनहि जातो. आरंभीं जें पोलाद शेंकडा एक भागाहून अधिक कर्बाचें, म्हणून ठिसूळ, होतें, तें शेवटीं शेंकडा सहा-सात दशांशांवर येतें. छायाचित्रांतील त्या लाटा म्हणजे या घड्यांचीच खूण होय. कोणीं रंगविलेल्या नव्हेत, कोरलेल्याहि नव्हेत. झाडाच्या खोडांतील वलयें जशीं त्याच्या वाढीचीं, तशा या पोलादाच्या घडणीच्या.

एवढें झाल्यावर पात्याचा आकार देतात. आणि मग येते ती घटका, जिच्यासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला असें म्हटलें तरी चालेल.

माती, कोळशाची पूड व सहाणेच्या दगडाची पूड कालवून त्याचा लेप पात्यावर देतात. पाठीकडे जाड, धारेकडे अगदीं पातळ. लेप वाळला कीं भट्टीघराच्या खिडक्या बंद करून अंधार करितात, कारण तापलेल्या लोखंडाचा खरा रंग उजेडांत फसवितो. पातें मागें-पुढें सरकवीत लोहार त्याला एकसारखा ताव आणितो. साडेसातशें ते आठशें अंशांच्या दरम्यान जो रंग येतो तो त्याला डोळ्यांनींच ओळखावा लागतो. थोडें कमी तापलें तर धार कठीण होणार नाहीं. थोडें अधिक तापलें तर पातें तडकेल. तो रंग दिसतांच पातें पाण्याच्या कुंडींत जातें.

पाण्यांत काय घडतें? तापलेल्या पोलादांतील लोहाचे कण अशा रचनेंत असतात कीं, कर्ब त्यांच्यांत सहज सामावतो. सावकाश थंड होऊं दिलें तर कर्ब हळूहळू बाजूस सरतो व पोलाद मऊ राहतें. परंतु पातळ लेपाखालची धार क्षणांत थंड होते; कर्बाला बाहेर पडण्यास सवड मिळत नाहीं; तो आंतच अडकून पडतो आणि कणांची रचना ताणली जाऊन धार कांचेसारखी कठीण होते. जाड लेपाखालची पाठ मात्र त्या मानानें सावकाश निवते व चिवट राहते. एकाच पोलादाचें एकच पातें, पण त्याला कठीण धार व सहनशील पाठ! या दोहोंच्या सीमेवर जो पांढुरका पट्टा दिसतो त्याला ‘हामोन’ म्हणतात. त्यांत कोठें डोळ्याला वेगळे दिसणारे चकचकीत कण असतात, कोठें नुसतें धुकें. जाणते लोक त्या पट्ट्यावरूनच लोहाराची ओळख पटवितात. आपण जसें मित्राचें पत्र पाकिटावरील अक्षरावरून ओळखतों तसें.

कठीण झालेली धार आकारानें किंचित् फुगते, त्यामुळें पातें पाठीकडे वांकतें. मोठ्या तरवारीचा डौलदार वांक तो हाच. तांतो बहुतेक सरळ हवा असतो. म्हणून त्याला पाणी देण्यापूर्वींच धारेकडे जरासें वांकवून ठेवितात, आणि पाणी तो वांक काढून टाकितें. पुढें काय होणार हें ओळखून आधींच उलट चूक करून ठेवण्याची ही रीत मला फार आवडली.

पण तडा गेला तर? मग दिवसचे दिवस केलेलें काम त्या एका क्षणांत फुकट गेलें. त्याला डागडुजी नाहीं. लोहार तें पातें बाजूला टाकितो व पुन्हां तुकडे निवडण्यापासून आरंभ करितो. या कुंडीतील पाणी किती कोमट ठेवावें हें पूर्वीं फार गुप्त असे. एका उमेदवारानें तें जाणण्यासाठीं कुंडींत हात घातला व गुरूनें तो हात तेथल्या तेथें तोडला, अशी एक दंतकथा जपानांत सांगतात. ती खरी नसावी अशी आशा करूं या. पण गुप्ततेचें मोल तिच्यावरून कळतें.

येथें लोहाराचें काम बहुतेक संपतें, कट्यारीचें नव्हे. घासणारा कारागीर निराळा. तो खरखरीत दगडापासून नखाएवढ्या पातळ चकत्यांपर्यंत एकामागून एक दगड वापरून पातें उजळितो. पात्याच्या बुडाशीं बसणारें तांब्याचें कडें करणारा निराळा, म्यान करणारा निराळा. नेहमींच्या ठेवणीचें म्यान ‘हो’ नांवाच्या मऊ, रंग न दिलेल्या लांकडाचें असतें. त्याचे दोन अर्ध भाग भाताच्या खळीनें चिकटवितात, दुसऱ्या कशानें नाहीं. कारण आंत गंज धरला तर म्यान उकलून साफ करतां यावें. वस्तु करतांनाच ती पुढें उकलावी लागेल ही जाणीव ठेवणारे कारागीर आपल्याकडेहि असते तर माझ्या घरच्या पेटीची कडी गेल्या पावसाळ्यांत फोडावी लागली नसती! असो.

आतां गास्सान घराण्याकडे वळूं.

गास्सान हें मुळांत एका पर्वताचें नांव. त्याचा अर्थ चंद्रपर्वत. जपानच्या उत्तर भागांत, आजच्या यामागाता प्रांतांत, तो १,९८४ मीटर उंच उभा आहे. त्याच्या पायथ्याशीं मध्ययुगांत लोहारांचा एक संप्रदाय होता, आणि लाटांसारखी सारखी वळणें घेत जाणारी पोलादाची नक्षी ही त्या संप्रदायाची खूण. पुढें तो मागें पडला. एकोणिसाव्या शतकांत त्याच परंपरेंतील सादायोशी नांवाचा लोहार ओसाका शहरीं येऊन राहिला व तेथें ती विद्या पुन्हां रुजली. त्यानें सात वर्षांच्या एका मुलाला दत्तक घेतलें. तो मुलगा म्हणजे गास्सान सादाकाझु, जन्म १८३६.

सादाकाझूनें लहानपणापासून भट्टीशीं बसून विद्या मिळविली, नांव मिळविलें. आणि १८७६ सालीं, तो चाळीस वर्षांचा असतांना, सरकारचा हुकूम निघाला: सैन्यांतील अधिकारी, पोलीस वगैरे वगळून कोणीहि तरवार बांधून हिंडूं नये. शेंकडों वर्षें जो सामुराई वर्ग या लोहारांचा पोशिंदा होता त्याच्या कमरेची तरवार एका दिवसांत उतरली. लोहारांनीं काय करावें? बहुतेकांनीं कात्र्या, स्वयंपाकाच्या सुऱ्या, शेतीचीं अवजारें करण्यास आरंभ केला, व त्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नव्हतें. सेकि नांवाचें गांव, जें पूर्वीं तरवारींसाठीं प्रसिद्ध होतें, तें आज सुऱ्या-कात्र्यांसाठीं जगभर प्रसिद्ध आहे.

सादाकाझूनें मात्र भट्टी बदलली नाहीं. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला मनुष्य आहें. ज्या एका कामांत हात बसला आहे तें जगाला उद्यांपासून नको, असें मला कोणीं सांगितलें तर मीं काय करीन, हा विचार हें चरित्र वाचतांना माझ्या मनांतून जाईना. ज्या पालकांच्या घरचा हातमाग किंवा घाणा त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडला, त्यांना हा प्रश्न मजपेक्षां अधिक कळेल. सादाकाझूला धैर्य होतें असें म्हणावें, कीं हट्ट होता असें म्हणावें? उपाशी मुलांचा बाप हट्ट म्हणेल. मला वाटतें, दोन्ही होतें. हुकुमानंतर तीस वर्षांनीं, १९०६ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्याला सम्राटाच्या दरबारानें राजकलावंत नेमिलें. त्याच्याबरोबर मियामोतो कानेनोरी या दुसऱ्या एका लोहारालाहि तो मान मिळाला. सादाकाझु १९१८ सालीं वारला.

त्याचा एक गुण आपण हिंदी लोकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा असा आहे. तो पात्यावर कोरीव कामहि उत्तम करी. आणि जपानी पात्यांवर जें कोरितात त्यांत संस्कृत अक्षरें असतात! कूकाइ नांवाचा बौद्ध साधु चीन देशांत शिकून ८०६ सालीं परतला, तेव्हांपासून सिद्धम् नांवाची भारतीय लिपि जपानच्या मठांत नांदत आहे. ती आपल्या देवनागरीची चुलत बहीण. अचल या बौद्ध रक्षकदेवतेचें बीजाक्षर, अथवा त्याच्या खड्गाला वेढा घालणारा नाग, पात्यावर कोरण्याची चाल फार जुनी आहे; मासामुने या विख्यात जुन्या लोहाराच्या एका तांतोवर खुद्द अचलाचीच आकृति आहे. ओसाकाच्या लोहाराच्या छिन्नीखालून हजारों कोसांवरच्या आपल्या मुलखाचें अक्षर उमटतें, आणि पुष्कळदां पाहणाऱ्यालाच तें वाचतां येत नाहीं, ही गोष्ट भाषेच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

सादाकाझूनंतर त्याचा मुलगा सादाकात्सु (१८६९–१९४३) आणि त्यानंतर नातू सादाइची. या नांवांतील आरंभीचें ‘सादा’ हें अक्षर एकच. त्याचा अर्थ निश्चल, निष्ठावान.

सादाइचीचा जन्म १९०७ चा. त्याच्या तरुणपणीं जपानांत तरवारीला पुन्हां मागणी आली, पण ती कोणत्या कारणानें? सैन्य वाढत होतें. अधिकाऱ्यांसाठीं कारखान्यांतून यंत्रावर तरवारी निघूं लागल्या, जुन्या पद्धतीच्या लोहारांनाहि काम मिळालें, आणि त्या हत्यारांनीं चीनमध्यें व आग्नेय आशियांत काय केलें हें तेथील लोक विसरलेले नाहींत. कलेची स्तुति करतांना हें पान दडपून ठेवणें मला योग्य वाटत नाहीं. १९४५ सालीं जपानचा पराभव झाला, आणि जेत्यांनीं सर्व शस्त्रें जमा करण्याचा हुकूम काढिला. त्यांत घरोघरच्या तरवारी व कट्यारीहि आल्या. लाखों पातीं गोळा झालीं. कांहीं वितळविलीं गेलीं, कांहीं समुद्रांत टाकिलीं, कांहीं परदेशीं गेलीं. नवीं करण्यास अर्थातच बंदी झाली. सादाइची त्या वेळीं अडतीस वर्षांचा होता; आजोबापेक्षां दोन वर्षांनीं लहान.

जुनीं पातीं वांचलीं तीं कांहीं माणसांच्या खटपटीनें. होन्मा जुन्जी हे तरवारींचे मोठे पंडित. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकन अधिकाऱ्यांना समजावून सांगितलें कीं, यांतील पुष्कळ वस्तु शस्त्रें नसून कलाकृति आहेत. कॅडवेल नांवाच्या एका अमेरिकन कर्नलानें तें मनावर घेतलें. उत्तम पातीं निवडून परत देण्यांत आलीं. १९४८ सालीं पात्यांच्या जतनासाठीं एक संस्था स्थापन झाली. १९५३ सालीं परवान्यानें नवीं पातीं घडविण्यास मुभा मिळाली, पण केवळ कलाकृति म्हणून. म्हणजे आठ वर्षें भट्ट्या विझलेल्या होत्या. आठ वर्षें ही फार नव्हेत असें वाटेल. पण ज्या विद्येचें पुस्तक नाहीं, जी रंग पाहून व ठोका ऐकूनच शिकावयाची, तींत म्हातारे मरावयास व तरुण दुसरीकडे जावयास तेवढीं पुरतात.

सुदैवानें हात अजून जिवंत होते. १९५५ सालीं सरकारनें ज्या कारागिरांना ‘जिवंत राष्ट्ररत्न’ म्हणून गौरविण्यास आरंभ केला, त्यांत लोहारांपैकीं पहिला मान ताकाहाशी सादात्सुगु यांस मिळाला. ते गास्सान घराण्याच्याच भट्टीवर शिकलेले. १९६३ सालीं नागानो प्रांतांतील मियाइरी आकिहिरा यांस तो मिळाला. आणि १९७१ सालीं गास्सान सादाइची यांस. त्या वेळीं ते चौसष्ट वर्षांचे होते. त्यांचा मुलगा सादातोशी १९४६ चा, म्हणजे बंदीच्या ऐन काळांत जन्मलेला. नारा प्रांतांतील साकुराइ येथील भट्टी सादाइचींच्या पश्चात् (ते १९९५ सालीं वारले) त्यानेंच चालविली, आणि त्याचा मुलगा सादानोबु हाहि याच कामांत शिरला.

नियम कडक आहेत. ज्याला हें काम करावयाचें त्यानें परवाना असलेल्या लोहाराजवळ किमान पांच वर्षें उमेदवारी करावी, ती बहुधा बिनपगारी; नंतर सरकारी देखरेखीखालीं आठ दिवसांची कसोटी द्यावी. उमेदवारीचीं पहिलीं वर्षें पाइनच्या कोळशाचे सारख्या मापाचे तुकडे करण्यांतच जातात. पालकांनीं ही गोष्ट मुलांना ऐकवावी असें मी म्हणत नाहीं; तीं आपली आपण वाचतीलच. परवाना मिळाल्यावरहि महिन्याला दोन मोठ्या तरवारी किंवा तीन आखूड पातीं, याहून अधिक करूं नयेत असा निर्बंध आहे, तो घाईनें काम बिघडूं नये म्हणून. दरवर्षीं स्पर्धा भरते. जे तींत वारंवार वरचीं बक्षिसें मिळवितात त्यांचें काम पुढें परीक्षकांपुढें न ठेवतां नुसतें मांडण्यांत येतें. परीक्षेंतून कायमची सुटका! आमच्या दहावीच्या वर्गाला ही पदवी फार आकर्षक वाटेल.

प्रत्येक पात्याबरोबर एक नोंदणीचा कागद असतो. तो मालकाच्या नांवाचा नसून पात्याचा असतो. पातें विकलें कीं कागद त्याच्याबरोबर जातो. आणि हा कागद देतें कोण? पोलीसखातें नव्हे, तर त्या त्या प्रांताचें शिक्षणमंडळ. कट्यारीची नोंद शिक्षणखात्यानें ठेवावी हें वाचून मीं तें वाक्य दोनदां वाचलें. पण शस्त्र हें शस्त्र म्हणून न ठेवतां विद्या म्हणून ठेवावयाचें ठरल्यावर दुसऱ्या कोणाकडे तें काम द्यावें?

आतां त्या छायाचित्राकडे परत येतों. पात्याचें खालचें टोंक त्यांत काळपट व ओबडधोबड दिसत होतें. मुलांना वाटलें, तेवढा भाग उजळावयाचा राहून गेला. तसें नव्हे. हा मुठींत जाणारा भाग जाणून-बुजून तसाच ठेवितात. त्यावर कानशीच्या ठराविक रेघा असतात, लांकडी खुंटीसाठीं एक छिद्र असतें, आणि छिन्नीनें लोहाराचें नांव व बहुधा मागल्या बाजूस वर्ष व महिना कोरलेला असतो. मूठ बसविली कीं यांतील कांहींच दिसत नाहीं. या भागावर कालांतरानें गंजाचा जो काळसर थर चढतो तो कोणीहि घासून काढावयाचा नाहीं. पातें किती जुनें हें त्यावरूनच ठरतें. वरचें पातें मात्र लवंगेचा वास असलेल्या तेलाच्या बोळ्यानें पुसून ठेवावें लागतें. पाहणाऱ्यानें प्रथम पात्याला वांकून नमस्कार करावा, उघड्या पोलादाला बोट लावूं नये, आणि त्यावर तोंड आणून बोलूं नये. श्वासाच्या ओलाव्यानेंहि डाग पडतो.

हें सर्व मीं दुसऱ्या दिवशीं त्या मुलाला, इतक्या विस्तारानें नव्हे पण थोडक्यांत, सांगितलें. कट्यार केली ती वापरण्यासाठीं नव्हे, तर ती करतां यावी म्हणून. पांच-सहा वर्षें कोणींच केली नाहीं तर पुढें कोणालाच करतां येणार नाहीं, आणि मग जुनीं पातीं संग्रहालयांत असूनहि तीं कशीं झालीं हें सांगणारा कोणी उरणार नाहीं, एवढें त्याला पटलें असावें. कारण त्यानें मान हालविली. मग क्षणभर थांबून त्यानें विचारलें, “पण सर, ती कापते का?”

“कापते,” मीं म्हटलें. “शोभेसाठीं मिश्रधातूचीं बिनधारेचीं पातीं तेथें हवीं तेवढीं मिळतात. तीं निराळीं.”

छायाचित्र तो परत नेण्यास विसरला. तें प्रयोगशाळेच्या भिंतीवर, धातूंच्या तक्त्याशेजारीं लाविलें आहे.